दोन बंगले, दोन राऊटर

देवळाली प्रवरात रंगनाथ आणि सोपान या सख्ख्या भावांचे बंगले शेजारी शेजारी आहेत. एकाचं इंटरनेट बंद पडलं तर दुसऱ्याचं चालावं, म्हणून मीच दोघांचे राऊटर केबलने जोडून दिले होते. तर या दीडशहाण्यांनी, 'भावाचं आहेच की,' म्हणत आपापलं कनेक्शन गुपचूप काढून टाकलं. आणि वर मलाच फोन, "फैयाजभाई, नेट चालंना! कसलं भंगार बसवलंय?"

गेलो. रंगनाथच्या ओट्यावर दोघांना उभं केलं आणि बालवाडीतल्या पोरांना सांगावं तसं सांगितलं, "राऊटर माहितीचं पॅकेट स्वतःकडं ठेवत नाही, पत्ता बघून पुढं ढकलतो. आता हा म्हणतो तिकडं जा, तो म्हणतो इकडं जा. बाहेर जायची वाट दोघांकडंही नाही."

दोघं 'तू का काढलंस?' म्हणत एकमेकांवर घसरले. कपड्यांची पिशवी घेऊन पायरीवर बसलेल्या त्यांच्या आईनं, बनुबाईनं मात्र विचारलं, "मंग त्या पाकिटाचं काय हुतं रं बाबा?"

"इकडून तिकडं फिरत राहतं, आजी. त्याला आयुष्य मोजून दिलेलं असतं, प्रत्येक राऊटर त्यातला एक आकडा कमी करतो. शून्य झालं की संपलं."

"सुटतं म्हन की बिचारं," म्हणत ती गुडघ्यावर हात टेकून उठली.

 

"चल सोपाना, पिशवी घे. रंगनाथचा म्हैना आज सपला."