एका रुळाची गाडी

"एक बैल आणि सव्वीस माणसं! पेठेतून गिरणीच्या फाटकापर्यंत पाव तासात," चिंतामणीने पुन्हा एकदा ठणकावून सांगितलं.

गिरणीचे मॅनेजर वेणीमाधवराव नुसते हुंकारले. आज गाडी चालली तर रूळ गावापर्यंत न्यायचा, नाहीतर सगळं लोखंड भंगारात घालायचं, असं त्यांनी आधीच बजावलं होतं. गिरणीच्या ड्रॉइंग ऑफिसात बसून चिंतामणीने या गाडीपायी दोन वर्षं घालवली होती. पण पठ्ठ्याच्या चेहऱ्यावर काळजीचा लवलेश नव्हता.

आवारात कमरेइतक्या उंच लाकडी घोड्यांवर एकच रूळ टाकला होता. गाढवाच्या पाठीवर दोन्हीकडे गोण्या टाकाव्यात, तशी गाडी त्यावर बसवलेली. मधे फळ्यांची आडभिंत आणि दोन्ही अंगांना एकेक बाक. एकीकडे पुरुष, दुसरीकडे बायका, पाठीला पाठ. परक्या पुरुषाशेजारी कोणी बाई बसायची नाही, हे चिंतामणीने आधीच हेरलं होतं. दोन्ही बाजूंचं वजन सारखं हवं, म्हणून कापसाच्या गाठी तोलायच्या काट्यावर त्याने गिरणीतल्या एकेकाला उभं केलं होतं. बारा पुरुषांना चौदा बायका बरोबर बसल्या होत्या.

माणसं चढली. बायकांची बाजू करकरत खाली गेली आणि तिची पायफळी जमिनीला टेकली. बैलाने दोनदा जोर लावला, पण गाडी जागची हलेना.

चिंतामणी वळसा घालून तिकडे गेला आणि बघतच राहिला. सहाजणींच्या मांडीवर सहा पोरं होती, आणि चौदाही जणींपाशी भाकऱ्यांची दुरडी.

"गोजाबाई, काट्यावर तोललं तेव्हा ही पोरं कुठं होती?"

"रांगेत मागचीकडं दिली हुती की," सुताच्या कांड्या भरणारी गोजाबाई म्हणाली. "तुमीच म्हणला, हात रिकामं ठेवा."

"पोरं घरी ठेवून यावीत," वेणीमाधवराव म्हणाले.

"घरी कुणाजवळ, सायेब?"

वेणीमाधवराव चिंतामणीकडे वळले. त्यांनी घड्याळ काढलं. तोल दाखवायला गाडीवर बसवलेल्या पाणसळीतला बुडबुडा एका टोकाला अडकलेला चिंतामणीने पाहिला. भिंतीपलीकडे पोरांचे बाप विड्या ओढत निवांत बसले होते.

गोजाबाई उठली. भिंतीवरून तिने आपलं पोरगं पलीकडे धरलं. "आवं, ह्याला घ्या. भाकऱ्या आमी धरतो."

"मी?" तिचा नवरा येडू दचकला.

"मग काय बैल घेनार व्हय?"

हशा पिकला. एकीकडे पोरं, दुसरीकडे दुरड्या! चिंतामणीच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. "सगळ्याजणी द्या!" तो ओरडला.

एकामागून एक पोरं भिंतीवरून गेली. विड्या विझल्या. येडूने पोराला आधी गरम पातेल्यासारखं लांब धरलं, मग हळूच पोटाशी घेतलं. पायफळी जमिनीवरून उचलली गेली. पाणसळीतला बुडबुडा सरकत सरकत मधे येऊन थांबला. बैलाने पाऊल टाकलं आणि गाडी निघाली.

वेणीमाधवराव तिच्या बरोबरीने चार पावलं चालले. "आज धरली, ठीक आहे. पण हे बाप रोज धरतील का पोरं?"

"धरावीच लागतील, साहेब," चिंतामणी म्हणाला. "नाहीतर गाडी हलायची नाही."