नववी चौकट

पडद्यावर आठ चेहरे उजळले आणि चार चौकटी काळ्याच राहिल्या. प्रत्येक काळ्या चौकटीवर एक कुलूप, आणि खाली बारीक अक्षरांत ‘लवकरच’.

कुस्तीचे मास्तर टीव्हीपासून हातभर अंतरावर खुर्ची ओढून बसले होते. त्यापलीकडचं त्यांना आता दिसत नव्हतं. उरलीसुरली नजर हिवाळ्यापर्यंत टिकली तर नशीब, असं डोळ्यांच्या डॉक्टरांनी मागच्याच आठवड्यात स्पष्ट सांगितलं होतं.

“मी यातला कुठला?” त्यांनी विचारलं.

मुलाने पहिल्या काळ्या चौकटीवर बोट ठेवलं. मारामारीच्या या गेममधल्या माणसांना चालायला, पडायला, उठायला शिकवणं हेच त्याचं तीन वर्षांचं काम. त्यातला म्हातारा पैलवान त्याने वडिलांवरूनच घडवला होता. त्यासाठी साठी उलटलेल्या मास्तरांनी अंगभर हालचाली टिपणारे चकचकीत ठिपके चिकटवून घेतले होते आणि स्टुडिओत दोन दिवस धोबीपछाडचा डाव मारून दाखवला होता, मान आखडेपर्यंत.

“ही नववी चौकट. तुम्ही आत आहात, बाबा. अगदी तयार आहात. फक्त कुलूप आहे.”

“उघडणार कधी?”

“पुढच्या वर्षी. वेगळे पैसे घेऊन.”

दारात उभी असलेली आई फणकारली. “सकाळी उघडलास आणि जेवणाआधी खेळून संपलासुद्धा. चौकाचौकात पोस्टरं लावली होती ती एवढ्यासाठी? बडा घर, पोकळ वासा.”

तिचं काही चुकत नव्हतं. गेम विकत घेतलेले लोकही सकाळपासून हेच म्हणत होते, फक्त त्यांची भाषा आईसमोर वाचून दाखवण्यासारखी नव्हती.

“मग तुझ्या ऑफिसात दाखव,” मास्तर म्हणाले. “तिथे तर कुलूप नसेल.”

“गेम बाजारात आला आणि आमची कार्डं बंद झाली, बाबा. काम संपलं म्हणाले. आता मला गेटच्या आतसुद्धा सोडणार नाहीत.”

मास्तरांनी तोंड पडद्याजवळ नेलं. काळ्या चौकटीवर अंगठा ठेवून ते तसेच बसून राहिले. मुलाला ते बघवेना.

“डाव चुकला होता का माझा?” ते हळूच म्हणाले. “खरं सांग. वाईट दिसत होतो म्हणून मागे ठेवलं?”

“नाही हो. सगळ्यात चांगले तुम्हीच झाला होतात. साहेबांनी पाहिलं, उभं राहून टाळ्या वाजवल्या, आणि म्हणाले, याच्यासाठी लोक पुन्हा खिशात हात घालतील. हा आत्ता द्यायचा नाही.”

त्या टाळ्यांनी तो आठवडाभर हवेत होता. आज त्या आठवून त्याला स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

मास्तरांनी उभ्या आयुष्यात कुणाला अर्धा डाव मारायला सांगितलं नव्हतं. पडद्यावरचा अंगठा काढून घेत ते म्हणाले,

“थोडा कच्चा ठेवायचंस रे मला.”