खुर्चीतलं विमान

आईने डोळे मिटले, लाटणं गुडघ्यांमध्ये उभं धरलं आणि जेवणाच्या खुर्चीत बसल्या बसल्या विमान डोंगरांमध्ये घातलं. डोंगरांच्या वाटीतल्या, उतरायला अवघड अशा शहरात उद्या तिची वैमानिकाची परीक्षा होती. मागच्या वेळी ढगातही तिने उतरायचाच हट्ट धरला, शेवटी परीक्षकाने विमान स्वतःच्या हातात घेतलं होतं. म्हणून हा सराव.

शेजारच्या खुर्चीत को-पायलट शर्वरी. वय चौदा, रुबाब एअर मार्शलचा!

"उजवीकडे नदी," ती म्हणाली. आई झुकली, तीही झुकली. पंख्याने पडदे फुगले आणि शर्वरीला खरंच दिसलं, फ्रिजमागून हिरवे डोंगर सरकताहेत, गच्च्यांवरची पोरं हात हलवताहेत. इतकं सुंदर, की उतरूच नये!

तिथेच तिला सुचलं. "कॅप्टन, ढग आला. धावपट्टी दिसत नाही."

आईच्या कपाळावर आठी. "कार्टे, आता पोचतच आलोय. उतरू दे की!"

"ते ढगाला सांग."

पुढचं आईनेच ठरवायला हवं होतं.

मग आईने हळूच लाटणं पोटाशी ओढलं. विमानाचं नाक वर झालं, शहर खाली बुडालं आणि दोघी लख्ख उन्हात बाहेर आल्या.

"प्रवासी चिडतील गं," आई पुटपुटली.

"चिडू देत. चिडायला शिल्लक तर राहतील!"

डोळे न उघडताच आई खळखळून हसली. मग ढग विरेपर्यंत दोघी वरच, उन्हात घिरट्या घालत राहिल्या.