सरळ केलेलं तिकीट

तिकिटावरचा झेंडा पुन्हा उलटा होता. काठीचं टोक खाली, बूड वर. पोस्टमन चुकचुकला आणि ओल्या स्पंजाने तिकीट भिजवायला बसला.

"अहो, द्या की तसंच," पलीकडून टपाल लावणारा कारकून म्हणाला. "पाकीट डोक्यावर उभं केलं तरी पोचतंच."

"पत्र पोचतं. झेंड्याचं काय?"

"बरं बाबा. टपाल आम्ही बघतो, देश तुम्ही सांभाळा."

सगळे हसले. पोस्टमन हसला नाही. त्याने तिकीट हलक्या हाताने सोडवलं, मागे डिंक लावला आणि फिरवून सरळ बसवलं. तिकिटावरचा अर्धा शिक्का पाकिटावरच्या अर्ध्याशी जुळेना. पण ते कोण बघतंय? एकतीस वर्षांत त्याने कुणाचं पत्र हरवलं नव्हतं, फोडलं नव्हतं. एवढं एकच तो नियम मोडून करायचा आणि वर स्वतःची पाठ थोपटून घ्यायचा. या पत्त्यावरची पहिली दोन पत्रं बरोबर होती. पुढची तीन उलटी, आणि आज हे चौथं. माणसं सुधारायची सोडून बिघडतात, असं त्याला वाटलं.

पत्र काजं-बटणं करणाऱ्या बाईचं होतं. एका खोलीत ती दिवसभर मांडीवर शर्टांचा ढीग घेऊन बसायची. एकुलती एक लेक लग्न होऊन दोन दिवसांच्या वाटेवर गेलेली. मायलेकींना अक्षरओळख नव्हती. तिकडून जावई लिहायचा. इकडे पोस्टमन वाचून दाखवायचा आणि उत्तरही लिहून द्यायचा.

बाईने पाकीट घेतलं, पण उघडलं नाही. तिकिटावरून अंगठा फिरवला आणि श्वास सोडला.

"सरळ आहे. आता वाचा सावकाश, घाई नाही."

पोस्टमनने वाचलं. "आम्ही सर्व सुखरूप आहोत. तुमची मुलगी मजेत आहे. इकडे येण्याची तसदी घेऊ नये."

"हं. ते जावयाचं झालं," ती सुईत दोरा ओवत म्हणाली. "लेकीचं मी कधीच वाचलं."

"लेकीचं कुठं आहे यात?"

"हे काय!" तिने सुईचं टोक तिकिटावर टेकवलं. "पाकीट बंद करून तिकीट लावायचं काम तिचं. हा माणूस मला पहिल्यापासून पटला नव्हता, दादा. बोलायचा गोड, पण डोळे हात उगारणाऱ्याचे. म्हणून ती निघताना आम्ही ठरवलं. झेंडा सरळ, तर सुखात आहे. उलटा, तर आई, मला घेऊन जा. फुलाचं तिकीट नको म्हटलं, फुलाचं उलटसुलट कुणाला कळतंय!" ती हसली. "सहा पत्रं आली, सहाही सरळ. उगाच पाप आणलं मी मनात."

पोस्टमन उठला. पिशवी खांद्याला अडकवली. पेन्शनला पाच महिने होते. टपालाशी खेळ केला हे वर कळलं, तर टोपी जाणार, पेन्शनही जाणार. गप्प राहिलं तर कुणाला काही कळायचं नव्हतं. तो दारापर्यंत गेला. चपलेत पाय घातला. मग तसाच मागे फिरला आणि तिच्यासमोर जमिनीवर बसला.

"ताई, दोनच सरळ होती."

"म्हणजे?"

"पुढची चार मी फिरवली. झेंडा उलटा बरा दिसत नाही म्हणून. आजचंसुद्धा."

बाईने सुई रिळात खोचली. तिने मांडीवरचे शर्ट एकेक करून बाजूला ठेवले. उभी राहिली, खुंटीवरची पिशवी काढली, तिच्यात एक लुगडं कोंबलं. पिशवीची गाठ नीट मारली.

"मी पण येतो," पोस्टमन म्हणाला. "साक्ष देईन. काय व्हायचं ते होवो."

ती उंबऱ्याशी थांबली.

"माझ्या उत्तरांवर तिकीट मीच लावायचे, तुमच्यासमोर."

"हो. सरळ, नीट दाबून. मला कौतुक वाटायचं."

"ती पण खूणच होती, दादा. मी उलटं लावलं, तर निघाले. सरळ लावलं, तर तू तिथंच नांद."