तिसरं नाव

"अर्जावर माहेरचं आडनाव टाक, असं मी तुला तेव्हाच सांगितलं होतं," पक्षाचं स्थानिक काम बघणारा एड रॅमसे म्हणाला.

डोरीनने खुर्ची ओढून घेतली. पक्षाच्या कार्यालयात कालच्या विजयाचे फुगे अजून छताला टेकलेले होते. प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, गव्हर्नर टॅलमन यांनी हा मतदारसंघ दणक्यात जिंकला होता. पण इलिनॉयमध्ये त्यांच्या पक्षाची रीत अशी, की मतपत्रिकेवर वरच्या भागात राष्ट्राध्यक्षपदाच्या इच्छुकाला दिलेलं मत म्हणजे नुसता कौल. पक्षाच्या अधिवेशनात जाऊन खरं मत टाकणारे तीन प्रतिनिधी खाली नावानिशी निवडायचे. प्रत्येक नावापुढे कंसात तो कुणाचा माणूस, तेही छापलेलं. टॅलमनना मानणाऱ्याने त्यांची तीन माणसं शोधायची आणि तीन गोल काळे करायचे. एवढं सोपं काम.

त्यांची दोन माणसं निवडून आली. तिसरी होती डोरीन अब्दुलजवाद. ती पडली. तिची जागा पक्षातच टॅलमनच्या विरोधात उभ्या असलेल्या सिनेटरच्या माणसाला, कीथ बार्लोला गेली. हा बार्लो प्रचाराला एकदाही घराबाहेर पडला नव्हता.

"शहराकडचे लोक तुला ओळखत नाहीत," एड समजुतीच्या सुरात म्हणाला. "नाव वाचतात आणि बिचकतात. मनाला लावून घेऊ नकोस."

"आणि मिलर्स फोर्क? तिथे काय झालं?"

एडने संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. मिलर्स फोर्क हे तिचं स्वतःचं गाव. तिथेही टॅलमनना मत देणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्यांनी तिच्या नावापुढचा गोल कोरा ठेवला होता.

शहरवाल्यांचा राग तिने गिळला असता. हा गिळता येईना. त्या गावात शुल्झ घराण्याची डोरीन जन्मली, वाढली. शाळेची बस चालवून तिने गावातल्या दोन पिढ्या शाळेत पोचवल्या. तिचा नवरा रिआद जनावरांचा डॉक्टर. कडाक्याच्या थंडीत गोठ्यात गुडघे टेकून त्याने गावभरच्या अडलेल्या गायी सोडवल्या. सगळे त्याला 'डॉक रे' म्हणत. त्याच्या आडनावाशी कुणाची गाठ कधी पडलीच नव्हती. ती पडली ती मतपत्रिकेवर, रिआद गेल्यानंतर.

ती तडक भावाच्या शेतावर गेली. अर्व्ह शेडमध्ये मक्याच्या पेरणीयंत्राला ग्रीस भरत होता. टॅलमनची पाटी आजही त्याच्या फाटकाशी उभी होती.

"निम्म्या गावाने, अर्व्ह. निम्म्या. आमच्याच माणसाला वर मत दिलं आणि खाली माझ्यापाशी येऊन यांचे हात लुळे पडले."

अर्व्हने ग्रीसची नळी दुसऱ्या सांध्याला लावली.

"हिगिन्सांच्या तीन घोड्या वाचवल्या रिआदने. पैसे कधी देता म्हणून विचारलं नाही. आणि ती लोरेटा हिगिन्स परवा माझ्या गळ्यात पडून म्हणते, काळजी करू नकोस, आम्ही आहोत. कुठे होती ही काल?"

"लोरेटाने दिलं असेल तुला मत."

"असेल? मग कुणी नाही दिलं? मी आज घरोघरी जाणार आहे. दार वाजवणार आणि तोंडावर विचारणार. मत गुप्त असतं, ठाऊक आहे मला. माझ्याकडे बघून खोटं तरी बोलू देत. तू चल माझ्याबरोबर. तू शेजारी उभा असलास की कुणी दार लावून घेणार नाही."

"नको जाऊस."

"का नको? रिआदला खांदा देताना तू पुढे होतास. तुला चीड येत नाही?"

"सामोपचाराने घे, डोरीन."

"आयुष्यभर तेच केलं. दुकानात कुणी त्याला 'तिकडे परत जा' म्हटलं, सामोपचाराने घेतलं. आता बस. कोट घाल आणि चल. हिगिन्सांपासून सुरुवात करू."

अर्व्हने नळी खाली ठेवली. चिंधीला हात पुसले. हात स्वच्छ झाले तरी तो पुसतच राहिला.

"हिगिन्सांपासून नको," तो म्हणाला. "पहिलं घर हेच आहे."

तिला आधी कळलंच नाही. मग त्याची मान खाली गेलेली दिसली.

"रेशी माझं काही वाकडं नव्हतं," अर्व्ह म्हणाला. "भला माणूस होता. पण ते आडनाव असं छापलेलं समोर आलं आणि... टीव्हीवर अधिवेशन दाखवतात. आपल्या भागातून कोण आलंय ते सगळा देश बघतो. पहिले दोन गोल काळे केले. तिसऱ्यापाशी हात अडला."

"कोरा ठेवलास?"

त्याने चिंधीची घडी घातली.

"अर्व्ह, कोरा ठेवलास ना?"

"बार्लोला दिलं."

"ओळखतोस त्याला?"

"नाही."

"तो सिनेटरचा माणूस. तू तर सिनेटरवर थुंकणारही नाहीस. मग बार्लोच का?"

"नाव आपल्यातलं वाटलं."

डोरीन हसली नाही, रडलीही नाही. तिने गाडीची किल्ली मुठीत इतकी आवळली की तळव्यावर दात उमटले. शेडच्या दारापर्यंत जाऊन ती थांबली आणि वळली.

"आडनाव नंतर छापलं होतं, अर्व्ह," ती म्हणाली. "त्याच्या आधी डोरीन होतं."