मॅनेजरला टाइम पायजे

कुठल्याशा विलायती फुटबॉल क्लबनं आणखी एक मॅनेजर आठ महिन्यांत हाकलला, आणि डोळखांबकडच्या एका ग्रामपंचायतीत दोन सदस्य सकाळपासून त्यावर तावातावानं भांडत होते. जन्मात कधी चेंडूला लाथ मारली नव्हती दोघांनी.

"हरतोय तर काढायलाच पायजे," दिपेश म्हणाला.

"आठ महिन्यांत टीम बसते का रे? सारखे मॅनेजर बदलूनच क्लब मातीत गेला," भाविकनं टेबलावर हात आपटला.

भाविक शहाण्यासारखं बोलतोय, हे उपसरपंच किशोरनं पहिल्यांदाच ऐकलं. पाड्यावरच्या नळासाठी किशोरनं शहापूरला खेटे घातले, तेव्हा कालच कुठं पाइप येऊन पडले होते.

 

"सही कर राजीनाम्यावर," भाविकनं किशोरपुढं कागद सरकवला. "उपसरपंचपदाचे तुझे ठरलेले आठ महिने भरले, आता माझा नंबर."