सात नंबरचं मशीन

सात नंबरचा स्क्रीन काळा होता आणि त्याला झेंडूचा हार घातलेला होता.

ऐश्वर्या कम्प्युटर लॅबच्या दारातच थांबली. चौदाच्या चौदा संगणक लख्ख पुसलेले, प्रत्येकाला हळदीकुंकवाची बोटं लावलेली. शाळेचे शिपाई महिपतमामा खाली बसून समईची वात सारखी करत होते. नववीची मुलं भिंतीला लागून उभी होती. 

"मामा, हा पण बंद केलात?"

"सगळेच केले, बाई. आज खंडेनवमी." मामा गुडघ्यावर हात ठेवून उठले. "तुम्ही शिकवलंत तसंच केलं. आधी शटडाउन, मग बटण. प्लग नाही ओढला."

ते खरंच असणार. मामा शिकवलेलं विसरत नसत. 'सात नंबर बंद करू नये' हा कागदसुद्धा त्यांनी नऊ दिवस पाळला होता.

नऊ दिवस त्या मशीनवर एकच गणित चाललं होतं. युरोपातल्या एका प्रयोगशाळेत, जमिनीखालच्या बोगद्यात प्रोटॉन एकमेकांवर आदळतात. आदळल्यावर काय व्हायला हवं, ते काढून द्यायला जगभरातले लोक आपापले संगणक देतात. त्या कामाचा एक तुकडा विठ्ठलवाडीच्या या शाळेकडे आला होता. आधीचे तीन वीज गेल्याने वाया गेले, म्हणून चौथ्यासाठी वर्गातल्या प्रीतमने काकांच्या दुकानातून यूपीएस मागून आणला. मुदत आज संध्याकाळी सहाची होती. दसऱ्यानंतर लॅब दहावीच्या बोर्डाच्या फॉर्मांसाठी जाणार होती. पाचवा तुकडा मिळणार नव्हता.

"टीचर," सान्वी म्हणाली. रोज किती टक्के झालं ते वहीत लिहायचं काम तिचं. "मधल्या सुट्टीत बघितलेलं मी, अठ्ठ्याण्णव होतं. साडेचार तासांचं राहिलंय. नीट बंद केलंय म्हणजे सेव्ह असणार. दीडपर्यंत लावलं तर होतंय."

भिंतीवरच्या घड्याळात एक वाजून आठ मिनिटं झाली होती.

"मामांनी प्रोटॉनला पण सुट्टी दिली," प्रीतम पुटपुटला. दोघंतिघं हसली. सान्वी हसली नाही.

ऐश्वर्या खुर्ची ओढून सात नंबरसमोर बसली. हार बाजूला न करता बटणापर्यंत बोट जाईल का, ते पाहू लागली.

"बाई, आज नाही." मामांनी आवाज चढवला नव्हता. "पूजेला बसवलेल्या हत्याराला आज काम लावायचं नाही. उद्या सकाळी सातला येऊन मीच चालू करतो."

"उद्या उपयोग नाही, मामा. आज सहाच्या आत पोचायला हवं."

"मग त्यांना कळवा ना. पूजा होती म्हणावं. त्यांच्याकडे पण काहीतरी असेलच की सणवार."

"तिकडे माणूस नाही बसलेला. सहाला आपोआप बंद होतं."

मामा समईकडे वळले. ऐश्वर्याला वाटलं, पटलं.

"मामा, नुसतं गणित आहे हो. काय होणार आहे?"

"तानाजीच्या कंपनीत पण हेच बोलले होते. अर्जंट ऑर्डर आहे, एका दिवसाने काय होतंय." मामा समईकडे बघत होते. "नवमीलाच चालू ठेवलेली पत्रा दाबायची प्रेस."

मामांचा मुलगा तानाजी कधीमधी वडिलांचा डबा द्यायला शाळेत यायचा. डबा डाव्या हाताने द्यायचा. उजव्या हाताला दोनच बोटं होती.

आरतीचं तबक घेऊन मुख्याध्यापिका दारात आल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "ऐश्वर्या, तुझं शास्त्र बरोबर आहे," त्या हळूच म्हणाल्या. "पण मामांना मी नाही सांगणार. तुला जमत असेल तर तू सांग." तबक टेबलावर ठेवून त्या पुढच्या वर्गाकडे गेल्या.

सांगायचं काय, ते ऐश्वर्याला पाठ होतं. जूनमध्ये याच वर्गाला तिने शिकवलं होतं, एकापाठोपाठ दोन गोष्टी घडल्या म्हणजे पहिलीमुळे दुसरी घडली असं नसतं. फळ्यावर लिहून दिलं होतं, मुलांनी घरून उदाहरणं शोधून आणली होती. आता तीच एकतीस मुलं तिच्याकडे बघत होती. वाक्य सोपं होतं. मामांच्या समोर ते तोंडातून निघेना.

तिने हात मांडीवर घेतला. मग खुर्चीवरून उठली.

मामांचा चेहरा एकदम सैल झाला. "ये गं पोरी," त्यांनी सान्वीला बोलावलं. "सगळ्यात जास्त तू केलंस ह्याचं. पहिलं फूल तू वाहा. आणि मनात असेल ते माग. आजच्या दिवसाचं मागणं फुकट जात नाही."

सान्वीने ऐश्वर्याकडे पाहिलं. ऐश्वर्याने मान हलवली. ती मान कशासाठी हलली, तिचं तिलाही कळलं नाही.

सान्वीने फूल वाहिलं. हात जोडले आणि कपाळ टेबलाच्या कडेला टेकवलं. मागे मुलांनीही हात जोडले, प्रीतमनेसुद्धा.

एक सव्वीस झाले. एक सत्तावीस. सान्वीचे डोळे मिटलेले होते, ओठ हलत होते. बटण तिच्या कपाळापासून वीतभरावर होतं.